हाळी आली तर

भाद्रपद सरत आला की लोणावळं आम्हाला परत मिळतं. पावसाळाभर ते पाहुण्यांचं असतं. मग घाटातलं धुकं वर सरकतं, चिक्कीच्या दुकानांतले विक्रेते दारात खुर्च्या टाकून पेंगायला लागतात, आणि भाजी आणायला निघालेल्या माझ्यासारख्या बाईला रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नाही. या गर्दीच्या नावानं मी पावसाळाभर बोटं मोडते. काय ते भोंगे, काय त्या गाड्यांच्या टपांतून बाहेर डोकी काढून मारलेल्या आरोळ्या! पण गर्दी गेली की दोन-चार दिवसांत ध्यानात येतं, बोटं मोडण्यात वेळ बरा जात होता. आता सकाळचा चहा झाला की पुढे काय, हेच कळत नाही.

नेमकी याच दिवसांत मला दर वर्षी एक मेल येते. तुमच्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आली आहे, पुढच्या वर्षासाठी चालू ठेवायची आहे का? इंग्रजीत, अगदी गोड शब्दांत. आणि याच दिवसांत खाली मावळात भात दुधात येतं. यंदा असंच एक दिवस वडगावला तहसील कचेरीत काम होतं. येताना बसच्या खिडकीतून तो वास आत आला. कोवळ्या दाण्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. गोडसर, ओला, नुकत्याच तापवलेल्या दुधाच्या जवळ जाणारा. शेजारी बसलेली मुलगी कानात बोंडं घालून डोळे मिटून बसली होती. तिला हलवून सांगावंसं वाटलं, अगं, श्वास घे जरा मोठ्यानं! नाही सांगितलं. हल्ली कुणाला हलवायची सोय राहिली नाही. घरी आले, तर ती मेल येऊन पडली होती.

माझी स्वतःची वेबसाइट आहे हे सांगताना मला अजून थोडं लाजल्यासारखं होतं. साठी ओलांडलेल्या बाईनं भजनी मंडळात जावं, फार तर पापड लाटावेत. पण मी नोकरी केली ती टेलिफोन ऑफिसात. ट्रंक कॉलच्या काळात बोर्डावर बसायचे. ‘बोला, पुणे बोला’ म्हणायचं, दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. पुढे ते बोर्ड गेले, मला बिलांच्या खिडकीत बसवलं आणि समोर संगणक आला. बाकीच्या बायका त्याला भ्यायच्या, मला तो आवडला. निवृत्त झाले, मग हे गेले. लेक मेघा लग्न होऊन हैदराबादला. घरात आवाज करणारा उरला तो फ्रीज. तेव्हा मी व्हिडिओ बघून बघून वेबसाइट बनवायला शिकले. रडले, पडले, तीनदा सगळं पुसून बसले, पण शिकले. मेघा म्हणाली, “आई, फेसबुकवर लिही की! चार लोक लाइक तरी करतील.” मी म्हटलं, “फेसबुक म्हणजे वडगावचा बाजार. तिथं जो तो आपल्या टोपलीसाठी ओरडतो. मला माझं खाचर हवंय, चार बाजूंनी बांध घातलेलं.” ती म्हणाली, “बांध घाल, पण पीक कोण बघायला येणारे?” लेक माझीच, तोंडाला कमी नाही.

साइटला नाव दिलं ‘माळा’. शहरातल्या घरातला अडगळीचा माळा नव्हे. भाताच्या खाचरात चार मेढी रोवतात, वर बांबू आणि फळ्या बांधतात, डोक्यावर पेंढ्याचं छप्पर करतात. दाणा भरायला लागला की त्यावर बसून पाखरं हाकायची असतात. तोच हा माळा. मी आयुष्यात एकच हंगाम त्यावर बसले, आणि साइटवर जे काय लिहिते ते फिरून फिरून त्याच हंगामाशी येतं.

आमचं गाव पवनेच्या काठचं, धरणाच्या खालच्या अंगाला. मी तेव्हा सातवीत असेन. दर साली राखणीला बसणाऱ्या थोरल्या चुलत्यांचे गुडघे त्या वर्षी धरले, आणि आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला माळ्यावर चढवलं. “पुस्तक घिऊन बस हवं तर,” ते म्हणाले, “पर डोळं भाताव ठिव. पाखरांला वाचाया येत न्हाई, खाया येतंय.” भात आंबेमोहराचं. इंद्रायणी नंतर आली. सकाळी दवानं शिडी निसरडी झालेली असायची, बांधावर तेरडा आणि सोनकी फुललेली, समोरचा डोंगर धुक्यात गुडघ्यापर्यंतच दिसायचा. हातात गोफण, जवळ मातीच्या खड्यांचा ढीग आणि वाजवायला पत्र्याचा डबा. पोपट आले की डबा, बारकी पाखरं आली की गोफण. पुस्तकातलं एक पान व्हायला सकाळ जायची.

पण मला सांगायचंय ते हाळीचं. पाखरं हाकली की ती काही गाव सोडून जात नाहीत, उठतात आणि शेजारच्या भातात बसतात. म्हणून हाकणाऱ्यानं हाळी द्यायची, मोठ्यानं, दोन्ही हात तोंडाशी धरून. शेजारच्या माळ्यावरच्यानं ‘व्हय’ म्हणून उत्तर द्यायचं आणि आपली गोफण उचलायची. मग त्यानं पुढच्याला. अशी ती हाळी खाचरा-खाचरांतून पार वळणापर्यंत जायची. उत्तर आलं म्हणजे शेजारचा जागा आहे, धड आहे. नाही आलं तर हातातलं टाकून बघायला जायचं, कारण बांधांत फुरशासारखे विषारी साप असायचे. आबा एरवी कशाला पाप म्हणणारे नव्हते. पण हाळी ऐकून गप बसणाऱ्याबद्दल ते म्हणायचे, “त्याच्या दारचं पानी पिऊ ने.”

ओढ्यापलीकडे, डोंगराच्या पायथ्याला, उंबराची वाडी होती. ठाकर आदिवासींची मोजकी घरं. कागदोपत्री तिला काहीतरी दुसरंच नाव होतं, पण आम्ही सगळे उंबराची वाडीच म्हणायचो. तिथल्या माळ्यावर माझ्याच वयाची एक पोर बसायची. तिचं नाव भागी, आणि ते मला कुणी सांगितलं नाही, तिच्या आईच्या हाका ऐकून कळलं. ती मला दिसायची ती एवढीशी. लाल परकर आणि डोक्यावर गरगरणारी गोफण, बस्स. नाकडोळे कसे होते कुणास ठाऊक. पण आवाज! ओढा, धुकं, भात, सगळ्यावरून तो असा सरळ यायचा. माझं कुसुम हे नाव तिलाही तसंच हाका ऐकून कळलं असणार.

“कुसेऽऽ, आली गंऽऽ!”

“व्हऽऽय!”

पाखरं दुपारी झाडांत दडून बसायची, तरी आमच्या हाळ्या चालूच. “कुसेऽऽ, जेवलीस का गंऽऽ?” “व्हऽऽय! तूऽऽ?” मग थोडा वेळ काही नाही, आणि मग पलीकडून “न्हाऽऽई!” त्या ‘न्हाई’नंतर माझी भाकरी मला गिळवायची नाही. एकदा मी अर्धी भाकरी फडक्यात बांधून गोफणीनं तिकडे मारायचा विचार केला होता. ओढ्यात पडली असती, म्हणून राहिलं.

तर असं वळण पडलेली मी, आणि हातात वेबसाइट. पुढे काय झालं ते सांगायला नको खरं तर. पण सांगते.

साइट सुरू केली तेव्हा प्रत्येक लेखाखाली प्रतिसादाची जागा ठेवली होती. पहिले कितीतरी दिवस तिथे शुकशुकाट. मी दिवसातून चार वेळा उघडून बघायची, घरच्या दाराची कडी बघावी तशी. आणि एके दिवशी आला की प्रतिसाद! इंग्रजीत. ‘फारच उपयुक्त लेख, असेच लिहीत राहा. आमच्याकडे पाठदुखीसाठी गाद्या मिळतील.’ मी लिहिलं होतं तेरड्याच्या फुलांवर. पण म्हटलं, बिचाऱ्यानं एवढं वाचलं, आपण गप बसावं? मी उत्तर लिहिलं, ‘आभारी आहे. गादी सध्या नको, पण आठवणीनं विचारलंत, बरं वाटलं.’ दुसऱ्या दिवशी केस वाढवण्याचं तेल आलं. त्यालाही उत्तर दिलं. मग कर्ज आलं, औषधं आली, रशियन का कुठल्याशा लिपीत काहीबाही आलं. मी प्रत्येकाला दोन ओळी लिहायची. सकाळ कशी भरगच्च जाऊ लागली! मेघाला मी फुशारकीनं सांगितलं, “अगं, वेळ पुरत नाही मला. जगभरातून लोक येतात.”

तिनं साइट उघडून बघितली आणि फोनवर कपाळावर हात मारून घेतल्याचा आवाज मला ऐकू आला. “आई! हे लोक नाहीत. ही यंत्रं आहेत. तू उत्तर देतेस म्हणून आणखी येतात.”

“यंत्रांनी वाचलं तरी…”

“वाचत नाहीत गं ती. कुणीच वाचत नाहीये.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं लांबूनच माझा पासवर्ड घेऊन प्रतिसादाची जागा बंद केली, आजवरचं सगळं पुसलं. गाद्या गेल्या, तेल गेलं. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइट उघडली तेव्हा ती इतकी स्वच्छ दिसत होती की मला भडभडून आलं.

एक गोष्ट मात्र मी मेघाला काढू दिली नाही. पानाच्या तळाशी माझा फोन नंबर. ती म्हणते, नंबर असा उघड्यावर टाकत नाहीत. मी म्हणते, ज्या बाईनं उभ्या जन्मात दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, तिचा स्वतःचा नंबर झाकून ठेवायचा? तर त्या नंबरावर फोन येतात. येत नाहीत असं नाही. पावसाळ्यात तर रोज. ‘माळा’ आणि ‘पवना’ हे दोन शब्द एका पानावर बघून लोकांना वाटतं, हे तंबूत राहण्याचं ठिकाण आहे.

“हॅलो, माळा का? शनिवारी आठ जण आहोत. टेंट मिळेल?”

“टेंट नाही. इथे मी राहते.”

“बरं, मग रूम? चिकन असतं का जेवणात?”

“शेपूची भाजी आहे,” मी म्हणते आणि फोन ठेवते. मग तिरमिरत घरभर फिरते. लेका, एवढं मोठं पान लिहिलंय, त्यातली एक ओळ तरी वाचायचीस!

माळ्यावरच्या त्या हंगामातलीच एक सकाळ. आदल्या दिवशी पावसात भिजले होते आणि उठले तर घसा पार बसलेला. आवाज फुटेना. आबा गेले होते तालुक्याला, म्हणून तशीच माळ्यावर गेले. धुकं इतकं दाट की माझ्याच खाचराचा पलीकडचा बांध दिसत नव्हता. धुक्यातून हाळी आली. “कुसेऽऽ!” मी तोंड उघडलं, नुसती हवा. पुन्हा आली. मी डबा वाजवला, पण डबा काय, पाखरांसाठीही वाजतो. तिसऱ्यांदा हाळी आली तेव्हा तिच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. मी फडकं हलवलं, धुक्यात कुणाला दिसणार? मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं, कंटाळली.

आणि मग भातातून सळसळ आली. परकराचा काचा मारलेली, कमरेपर्यंत भिजलेली, धापा टाकणारी एक काळीसावळी पोर माळ्याच्या शिडीशी उभी. ओढा भादव्यातला, चांगला भरून वाहत होता. तो ओलांडून आली होती. वर चढली, मला आपादमस्तक बघितलं. मी गळ्याला हात लावून खुणेनं सांगितलं. त्यावर तिनं माझ्या पाठीत असा एक धपाटा घातला की मला जागच्या जागी खोकला आला.

“मेलीस का काय म्हनून आले!” ती म्हणाली.

मग कमरेच्या ओट्यातून तिनं तवसं काढलं, ती मोठी पावसाळी काकडी. गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले, मोठा मला दिला. आम्ही पाय खाली सोडून खाल्लं. ती काही बोलली नाही, आणि मला तर बोलताच येत नव्हतं. एवढ्या दिवसांत हाळीनं इतकं बोललो होतो, आणि शेजारी बसल्यावर दोघी गप. खाऊन झाल्यावर हात परकराला पुसून ती उठली. “दोन्ही रानांची मीच देते हाळी, तुजा गळा सुटस्तोवर,” म्हणाली आणि धुक्यात गेली. दिली. माझा आवाज येईपर्यंत ती एकटीच दोन्हीकडची हाळी देत होती, आणि वळणापर्यंतच्या लोकांना कळलंसुद्धा नाही की एक माळा मुका आहे.

तीच एक भेट. भात कापून खळ्यावर आलं, दिवाळीनंतर मला पुढच्या शिक्षणाला वडगावला मामाकडे ठेवलं. नंतर कधी तरी सुट्टीत गेले तर पलीकडच्या माळ्यावर कुणी दुसरंच होतं. भागीचं लग्न झालं म्हणाले. कुठे दिली, कुणाला नीट सांगता येईना.

ती मेल आली त्याच आठवड्यात, रविवारी, मेघाचा फोन. तिचा सूर ठरवून मऊ केलेला होता, म्हणजे काहीतरी येणार हे मी ओळखलं. “आई, इकडे ये ना कायमची. तो फ्लॅट भाड्यानं देऊ. आणि येण्याआधी तुझं सगळं ऑनलाइनचं आवरून टाक. बँक, मेल, ती वेबसाइट. पासवर्ड मला देऊन ठेव. उद्या तुला काही झालं, तर तुझं काय काय कुठे आहे ते मला कळायला नको?”

“मी कुठे आहे ते माहीत आहे ना? लोणावळ्यात,” मी म्हटलं. चिडूनच म्हटलं. ती वाईट काहीच बोलत नव्हती. खरं सांगायचं तर ती एकटीच विचारते.

त्या दिवशी मी मनाशी ठरवून टाकलं. मुदत संपेपर्यंत एक तरी उत्तर यायला हवं. गादीवाल्याचं नको, टेंटवाल्याचं नको, माझं लिहिलेलं पोचलेल्या एका माणसाचं. आलं, तर ‘माळा’ चालू ठेवायचा आणि मीही इथेच राहायचं. नाही आलं, तर समजायचं की आपण रिकाम्या रानात ओरडतोय. साइट बंद करायची, पासवर्ड लेकीला द्यायचे आणि हैदराबादच्या बाल्कनीत बसायचं. मुदतीत फार दिवस उरलेच नव्हते.

आणि तेव्हा एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली, जी इतक्या वर्षांत आली नव्हती. इतकी वर्षं मी भागीबद्दल लिहितेय. उंबराच्या वाडीबद्दल, तवशाबद्दल, धपाट्याबद्दल. मनात कुठेतरी असायचं की ती कधी तरी वाचेल. पण भागी शाळेत कधी गेली होती? तिला वाचता येत असेल हे मी कशावरून धरलं? शहाणी ना मी! ज्या बाईशी आपली सगळी ओळख आवाजाची, तिला मी पानंच्या पानं लिहीत बसले होते.

म्हणून कामशेतला उतरून जीपनं पवनेच्या वाटेला लागले. हाळी घरात देता येत नाही. न्हाणीघरात एकदा प्रयत्न केला होता, वरच्या मजल्यावरच्या बादलीचा आवाज एकदम थांबला. आमचं खाचर चुलतभावांनी कधीच विकलं. तिथे आता कुणाचंसं फार्महाऊस आहे, कुंपण, कापलेली हिरवळ, पोहायचा हौद. ओढ्यापलीकडे मात्र भात होतं, लोंब्या कलायला लागलेल्या. मी कुंपणाच्या कडेनं ओढ्यापर्यंत गेले, फोनवर आवाज टिपायचं बटण दाबलं, फोन दगडावर ठेवला, हात तोंडाशी धरले.

“भागेऽऽ! होऽऽ! भागेऽऽ!”

पहिल्या हाळीला आवाज मधेच फाटला. दुसरी बरी गेली. काही पाखरं उठली आणि परत बसली. पलीकडे माळा नव्हताच, नुसती चमकत्या फितीची दोरी ताणलेली होती पाखरांसाठी. मी वाट बघितली. कशाची, ते विचारू नका.

मागून राखणदार आला. “काय मावशी, कुनाला हाका मारताय?”

“भागीला. उंबराच्या वाडीतल्या.”

“वाडीत कोन ऱ्हायलंय आता? समदी पवनानगरला टेंटांव कामाला. भागी-बिगी न्हाई कोन हितं.” मग माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “पानी देऊ का?”

ते पाणी प्यायले आणि आले परत. घरी येऊन ते सगळं तसंच साइटवर चढवलं. फाटलेली हाळी, नीट हाळी, मधली शांतता आणि राखणदाराचं ‘पानी देऊ का’. वर लिहिलं, ‘उंबराच्या वाडीच्या भागीसाठी.’ मग रोज सकाळी उठून फोनकडे बघायची. एकदा वाजला, धावत जाऊन उचलला. विमा विकत होते. दिवस जात राहिले. मी कपाट आवरायला घेतलं, हैदराबादला कुठल्या साड्या न्यायच्या त्या वेगळ्या काढल्या. मेघाला अजून काही बोलले नव्हते, पण हात आपोआप घड्या घालत होते.

मुदतीच्या आदल्या दिवशी, सकाळी वरण शिजत असताना फोन आला. अनोळखी नंबर. मी कंटाळून उचलला आणि पलीकडच्यानं तोंड उघडायच्या आधीच म्हटलं, “टेंट नाहीत.”

“टेंट आमचेच आहेत मावशी,” एक तरुण मुलगी हसत म्हणाली. “मी सोनाली बोलतेय, पवनानगरवरून. कॅम्पवर काम करते. ते भागेऽऽ म्हणून हाळी टाकलीय, ते तुमीच ना?”

मी गॅस बंद केला.

तिला कुण्या पाहुण्याला आपली वाडी नकाशात दाखवायची होती. नकाशात वाडी नाही. मग तिनं नाव टाकून शोधलं, तर अख्ख्या इंटरनेटवर उंबराच्या वाडीचं नाव एकाच ठिकाणी, माझ्या पानावर. “मग मी ते दाबलं आणि वाजलं की जोरात! आजी बाजूलाच भाकऱ्यांचं पीठ मळत व्हती. मावशी, तिनं पिठाचे हात तसेच तोंडाशी धरले आन् ‘व्हऽऽय’ म्हणून अशी आरोळी दिली का सगळे गेस्ट उठून बघाया लागले. मग मला विचारती, तिला ऐकू गेलं का गं? मी म्हनलं, आजी, हे रेकॉर्डिंग हाय, तिला कसं ऐकू जाईल? तर म्हनली, मंग लाव तिला फोन. वाट बघत आसंल ती.”

“आजीचं नाव काय?” मी विचारलं.

“भागीरथी. थांबा, देते.”

फोनमध्ये खरखर झाली, श्वास ऐकू आला, आणि मग तोच आवाज. जाडा झालेला, दम लागलेला, पण तोच. “कोन गं?”

“भागे, मी कुसुम. कुसी. ओढ्याच्या अलीकडच्या माळ्यावरची.” आणि मग मी सुटलेच. तो हंगाम, ते धुकं, माझा बसलेला घसा, तू ओढा ओलांडून आलीस, तवसं फोडलंस, पाठीत धपाटा घातलास. मी एका दमात सगळं सांगितलं, इतकी वर्षं लिहीत होते ते सगळं.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “न्हाई बाई आठवत.”

“अगं, लाल परकर होता तुझा…”

“आसंल. लय पोरी व्हत्या माळ्यांव. मी चार-पाच सालं बसलेते. कोन कोन आठवू?” तिच्या आवाजात खेद नव्हता, आणि दुखवायचा हेतूही नव्हता. पाऊस किती पडला हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

खोटं कशाला बोलू? ज्या सकाळीवर मी सारा जन्म काढला, ती तिच्याकडे नव्हतीच. मी विचारलं, “मग तू ‘व्हय’ कशाला म्हणालीस गं? कोण आहे ते ठाऊक नसताना?”

ती थोडी गोंधळली. प्रश्नच तिला कळला नसावा.

“हाळी आली नव्हं?” ती म्हणाली. “मंग?”

पलीकडे कुणीतरी तिला भाकऱ्यांसाठी हाक मारली. “जाते बाई, तवा तापलाय,” म्हणाली. आणि जाता जाता, “तू धड हाईस ना?”

“व्हय,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले, पदर तोंडात धरून नव्हे, चांगली मोठ्यानं. किती वेळ कोण जाणे. मग वरणाला फोडणी दिली. जेवले. दुपारी संगणक उघडून पुढच्या वर्षाचं ‘माळा’चं नाव चालू केलं. वेगळ्या काढलेल्या साड्या परत कपाटात ठेवल्या. मेघाला फोन केला आणि सांगितलं, “दिवाळीला येईन, पण राहायला नाही. आणि पासवर्ड सगळे देते तुला, लिहून घे.” ती म्हणाली, “वेबसाइट बंद केलीस?” मी म्हटलं, “नाही. तूही कधी तरी उघडून ऐक.” ऐकते म्हणाली. ऐकेल की नाही, ठाऊक नाही.

त्यानंतर भागीचा फोन आलेला नाही. यावा असं तिच्याकडून काही राहिलेलंही नाही. लोणावळं आता पार रिकामं झालंय, बंगल्यांना कुलपं लागलीत, संध्याकाळी फ्रीजचा आवाज तेवढा येतो. एकटं वाटतंच. काल तांदूळ निवडत बसले होते, तर फोन वाजला.

“हॅलो, माळा का? टेंट मिळेल का हो, दोघांसाठी?”

“टेंट नाही,” मी म्हटलं. नेहमीप्रमाणे ठेवणार होते. मग सूप बाजूला सारलं. “पण बोला. बोला ना, कुठून बोलताय?”